मागचे बेरिंग ठोकून बसवू नका

संपादक महोदय,

पावसाळा ओसरला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जुन्या छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकातून घूं घूं आवाज येऊ लागतो. अनेक मालक टायरवर संशय घेऊन चांगले टायर बदलतात, पण आवाज जात नाही, कारण तो बहुधा चाक ज्यावर फिरते त्या बेरिंगचा असतो. बेरिंग बदलले तरी हातोडीने ठोकून बसवलेले असेल तर लवकरच पुन्हा बोलू लागते. हा खर्च टाळता येतो.

आधी दोष ओळखावा. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो. बेरिंगचा आवाज कोणत्याही रस्त्यावर वेगाबरोबर चढतो आणि गिअर न्यूट्रलला टाकला तरी थांबत नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० च्या वेगात गाडी हलकीच उजवीकडे घेतली की भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूवर. खात्री मात्र चाक उचलूनच करावी. पुढच्या चाकांना दगड किंवा पाचर लावावी, हँडब्रेक सोडावा आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवावी. एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवले की खराब बेरिंगची खरखर बोटांना कळते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर टकटक झाली, तर गाडी बाहेरगावी नेऊच नये.

आपल्याकडे बेरिंग जाण्याचे मोठे कारण पाणी. दूधगंगा-वेदगंगेवरच्या सखल पुलांवरून किंवा खानापूरच्या ओढ्यांतून तापलेली गाडी गेली की हब (चाकाचा मधला, बेरिंग बसते तो भाग) एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी ओढले जाते. मग ग्रीस दुधाळ होते, गंज धरतो. मागच्या कामात स्क्रू ड्रायव्हरने चेपलेली ग्रीसची टोपी तशीच बसवली असेल, तर पाण्याला वाटच मिळते. ती टोपी नवी घालावी.

आता मुख्य मुद्दा. अनेक जुन्या हॅचबॅकमध्ये ब्रेकच्या ड्रममध्येच दोन बॉल बेरिंग असतात आणि मध्ये लोखंडी स्पेसर (नळीचा तुकडा) असतो. स्पेसर दोन्ही आतल्या रिंगांमधले अंतर राखतो, म्हणून इथे नट कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) पूर्ण आवळायचा. स्पेसर विसरला, तर नट आवळताच आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि नवे बेरिंग पहिल्याच प्रवासात तापते. कप-कोनच्या (निमुळत्या रोलरच्या) बेरिंगचे उलटे आहे. तिथे चाक फिरवत नट आवळायचा, मग सैल करून पुस्तकाप्रमाणे अगदी किंचित ढिलाई ठेवायची आणि नवी स्प्लिट पिन घालायची. दोन्ही प्रकारांना एकच ‘हाताचा अंदाज’ लावला जातो, तिथेच निम्मी कामे बिघडतात.

बेरिंग ड्रममध्ये घट्ट बसते. त्यामुळे बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर यायला हवा. आतल्या रिंगवर ठोकले की सगळा मार गोळ्यांमधून जातो आणि धावेवर (गोळे फिरतात त्या खाचेवर) बारीक खड्डे पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण काही दिवसांत ऐकू येतात. जुने बेरिंग पितळी पंचाने आलटूनपालटून ठोकून काढले तर चालते, ते फेकायचेच असते. नवे मात्र प्रेसवरच बसवावे. उद्यमबाग, मच्छे या कारखान्यांच्या भागात प्रेसची कमतरता नाही. छोट्या गॅरेजने ड्रम तिथे पाठवण्यात कसलाही कमीपणा नाही. ड्रम गॅसच्या ज्योतीने तापवू नये, तो वाकडा होतो.

एका बाजूची दोन्ही बेरिंग आणि ऑइल सील एकदमच बदलावे. दुसरी बाजू शांत असेल तर तिला हात लावण्याची गरज नाही. बेरिंगचा नंबर खोक्यावर नव्हे, रिंगवर कोरलेला वाचावा. ६२०४ म्हणजे आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, रुंदी १४. ६३०४ चाही आतला व्यास २०च, पण बाहेरचा ५२ आणि रुंदी १५. नुसते ‘शाफ्टला बसते’ म्हणून घेऊ नये. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेल्या बेरिंगमध्ये ग्रीस आधीच असते. उघड्या बेरिंगच्या गोळ्यांमध्ये ग्रीस नीट दाबून भरावे, पण हबची पोकळी अर्ध्याहून जास्त भरू नये. जादा ग्रीस तापून सीलबाहेर येते, ब्रेकच्या लायनरवर पसरते आणि ब्रेक लागेनासा होतो.

बेरिंग बोटाने सहज आत सरकले, तर ड्रमचे भोक झिजले आहे. तिथे पंचाचे ठिपके मारून किंवा पत्रा घालून घट्ट करण्याची पद्धत धोक्याची आहे. ड्रम नवाच घ्यावा. शाफ्टवर चरे असतील तर तोही तपासावा. ड्रममधली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावी. पंच मारून लॉक होणारा नट दुसऱ्यांदा वापरू नये.

काम झाल्यावर १०-१५ किलोमीटर चालवून दोन्ही मागच्या हबजवळ हात नेऊन पाहावा. एक बाजू जास्त तापत असेल, तर नट किंवा हँडब्रेक जास्त आवळला गेलेला असू शकतो. गाडी ताब्यात घेताना जुनी बेरिंग मागून घ्यावीत आणि बिलावर नव्या बेरिंगचा पूर्ण नंबर लिहून घ्यावा.

– एक मोटार मेकॅनिक, बेळगाव