छोटीच्या डोळ्यावरची पट्टी

रत्नागिरी, १२ एप्रिल

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आईला रडू कोसळले आणि पुढचे सांगायचे राहून गेले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. छोटीच्या डाव्या, अधू डोळ्याला काम करायला लागावे म्हणून तिच्या उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला आम्ही सुरुवात केली आहे, आणि मे महिन्यात ती वेंगुर्ल्याला येईल तेव्हा पट्टीही सोबत येईल. तुम्हाला आधी विचारले नाही याची रुखरुख मला आहे. परंतु विचारले असते तर तुम्ही ‘अजून थोडी मोठी होऊ दे’ म्हणाला असता, आणि हा उपचार तर मोठे होण्याआधीच करायचा असतो.

तिचा डोळा तिरळा नाही, म्हणूनच सहा वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. डाव्या डोळ्याचा नंबर उजव्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे, त्यातून येणारे चित्र अंधूक असते, आणि मेंदूने त्याच्याकडे लक्ष देणेच सोडले आहे. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. डोळ्याचा पडदा आणि नस दोन्ही ठीक आहेत. तपासणीत उजवा डोळा झाकल्यावर ती अक्षरांच्या तक्त्यावर दुसऱ्या ओळीशीच अडली आणि तळहाताच्या फटीतून हळूच उजव्या डोळ्याने पाहू लागली. ती लबाडी करते आहे असे वाटून मी तिला रागावले, ते मला अजून बोचते.

चार महिने नुसता चष्मा लावला, तेवढ्यानेच ती चौथ्या ओळीपर्यंत आली. पुढे सरकेना, तेव्हा पट्टी आली. दोन तासांनी काय होणार, असे मीही विचारले. २००३ साली अमेरिकेत सात वर्षांखालच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, दोष मध्यम असेल तर रोज दोन तास आणि सहा तास पट्टीचा चार महिन्यांनी सारखाच फायदा दिसला होता, असे डॉक्टरांनी समजावले. सातव्या वर्षानंतरही गुण येतो, पण कमी मुलांना. लाल-हिरवा चष्मा लावून खेळायचे संगणकावरचे खेळही आहेत. त्यात दोन्ही डोळ्यांना वेगवेगळे चित्र दिसते आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहिल्याशिवाय खेळ पुढे जात नाही. ते मात्र पट्टीच्या जोडीला आहेत, पट्टीऐवजी नव्हेत, म्हणून ते इथे घरीच ठेवते.

बाबा, तुम्ही फोनवर गप्प झालात ते मला कळले. तुमच्या डाव्या डोळ्याला सगळे ‘जन्माचाच अधू’ म्हणत आले. गळाला तंगूस बांधताना तुम्ही मला हाक मारत असा, मी तुमच्या मांडीशी बसून ते ओवत असे, आणि तेव्हा मला फार महत्त्व आल्यासारखे वाटे. तुमच्याकडून हे छोटीकडे आले, असे कृपा करून मनात आणू नका. तुमच्या लहानपणी तो डोळा कोणी तपासलाच नाही, इतकेच. मात्र नारळ सोलताना आणि गवत कापताना तुम्ही जाड काचेचा चष्मा लावायचाच, कारण तुमच्या उजव्या डोळ्याला जोडीदार नाही. चष्मा छोटीच्या पिशवीत पाठवते आहे, तो कपाटात ठेवायचा नाही.

आई, आता तुझ्यासाठी. सकाळची पेज झाली की नऊ ते अकरा पट्टी. त्याआधी तिच्या चेहऱ्याला खोबरेल लावू नकोस, पट्टी चिकटत नाही. पट्टी थेट डोळ्यावर लाव आणि वर चष्मा; चष्म्याच्या काचेवर लावलीस तर ती कडेने बघेल. त्या दोन तासांत विहीर, समुद्र आणि परसातल्या जांभ्याच्या पायऱ्या बंद, कारण एका अधू डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो. पडवीत बसवून अबोलीचा वळेसर करायला दे. कळी हातातून निसटेल, ती चिडेल, तुला काढून टाकावीशी वाटेल. पण काढू नकोस. तू माझे कान टोचून घेतलेस तेव्हा माझे रडणे ऐकून मागे हटली नव्हतीस, आणि रात्रभर मला मांडीवर घेऊन बसली होतीस. तसेच हे.

गाडी कुडाळला सकाळी पोहोचते. बाबांनी उन्हात स्टेशनवर येऊ नये, आम्ही रिक्षा करून येऊ. छोटीने आजीसाठी एक चित्र काढले आहे, पट्टी लावलेली असताना. त्यातला माड थोडा वाकडा आहे, पण झावळ्या तिने एकेक मोजून काढल्या आहेत.

तुमची,
ताई