मुखपृष्ठावर लिही, हे कोणासाठी आहे

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राणी चन्नम्मा एक्सप्रेस वेळेवर पोचल्याचा तुझा मेसेज आईला आला, मला आला नाही. असू दे. फोन केला तर तुझ्या कॉमिकवरून त्या रात्रीसारखा पुन्हा आवाज चढेल, म्हणून लिहितो आहे.

तुझ्या टॅबवरचं त्या कॉमिकचं पान पाहून घाबरलेला ओम आता बरा आहे. सुरुवातीला आजीच्या कुशीत झोपत होता, आता आपला आपण झोपतो. टॅब का उघडलास, असं मी त्याला विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस. मावशीने केपवाला माणूस काढलाय, एवढंच त्याला दिसलं. नऊ वर्षांच्या पोराने केप दिसल्यावर दुसरं काय करायचं?

तुझ्या झोपेचं या पत्रात काढायचं नाही, असं आईने बजावलं आहे. काढत नाही.

ते पान मी नंतर नीट पाहिलं. गच्चीच्या कठड्यावर बसलेला तो माणूस, पाठीवर विटलेला निळा केप, खाली रस्त्यावर ती मुलगी. सहा चौकटी, आणि सहाही चौकटींत तो तसाच बसलेला. फक्त मागच्या इमारतीतले दिवे एकेक करून विझत जातात. एक शब्द नाही. मुक्ता, मला चित्रातलं कळत नाही, पण हे कुणालाही जमणारं काम नाही, एवढं कळलं. अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला, कारण तो माणूस उठत का नाही, हे तुला इतकं नेमकं कसं ठाऊक, असं मनात आलं.

तू त्या रात्री म्हणालीस, "बाबा, सुपरहिरो फक्त पोरांचे कधीच नव्हते." तेव्हा मी ऐकून घेतलं नाही. नंतर तुझ्या कपाटातली पुस्तकं काढून बसलो. तुझं म्हणणं बरंचसं खरं आहे. 1938 साली सिगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅन आणला. पहिल्याच अंकात तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो, फाशीच्या दारातल्या निरपराध बाईला सोडवतो आणि शेवटी वॉशिंग्टनच्या लाचखाऊ राजकारणाकडे वळतो. हे काही पाळण्यातले विषय नव्हते. पुढे महायुद्धात अमेरिकी सैनिक छावण्यांमधून कॉमिक्स वाचत होते. मग 1954 साली कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं डॉ. वर्थम यांचं पुस्तक आलं, सेनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच नियमावली करून घेतली. पोलीस आणि न्यायाधीशांबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही, दर वेळी सज्जनच जिंकला पाहिजे. म्हणजे ज्याला मी 'मुलांचं' म्हणतो, त्यातलं पुष्कळसं मोठ्यांच्या भीतीतून आलेलं आहे. हे मान्य.

पण त्याच कपाटात 1971 ची गोष्ट सापडली, ती तू त्या रात्री सांगितली नाहीस. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने स्पायडरमॅनचे लेखक स्टॅन ली यांना विचारलं, की अमली पदार्थांच्या धोक्याबद्दल काही लिहाल का. त्यांनी स्पायडरमॅनच्या अंकांत त्याच्या मित्राला, हॅरीला, गोळ्यांच्या नादी लागलेलं दाखवलं. नियमावली राबवणाऱ्यांना अमली पदार्थांचा उल्लेखच चालत नव्हता, म्हणून मान्यतेचा शिक्का नाकारला गेला. त्यांनी शिक्क्याशिवाय अंक काढले, आणि नंतर नियमच बदलावा लागला. हे अंक शाळकरी मुलांच्या हातात जाणारे होते. इतका जड विषय मुलांसमोर मांडला, तोही त्यांना वाऱ्यावर न सोडता. मग गंभीर लिहायचं तर मोठ्यांसाठीच लिहायला हवं, हे कुठून आलं?

वाचनालयाच्या बालविभागात मी बसतो, तिथे हे रोज दिसतं. मुलांना मरणाचं वावडं नसतं. आमचा वेताळच घे, इंग्रजीतला फँटम. इंद्रजाल कॉमिक्सच्या अंकांतून तो आमच्याकडे मराठीत आला. लोक त्याला अमर समजत, पण वाचणाऱ्या पोराला खरं काय ते ठाऊक असे: बाप मरतो आणि मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, तोच मुखवटा चढवतो. असे एकवीस झाले. बाप मरतात हे मला पहिल्यांदा तिथे कळलं, आणि त्या रात्री मी दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायाशी जाऊन झोपलो होतो. दादांनी कारण विचारलं नाही. दवाखान्यातून ते उशिरा येत, हाताला औषधांचा वास असे. जेवण झालं की माझ्या उशाखालचा अंक काढून कंदिलाची वात वर करत. आई म्हणायची, "पोरांचं वाचताय." ते मान वर न करता म्हणत, "पोरांचं आहे म्हणून काय झालं?" सकाळी मला विचारत, तो दाढीवाला पकडला गेला की नाही ते सांगू नकोस, माझी चार पानं राहिलीत. अंकाची पाठ फाटली तेव्हा त्यांनी खळ लावून ब्राऊन पेपर चिकटवला होता. तो अंक ताईच्या लग्नापर्यंत माळ्यावर होता, मग पाऊस आत आला.

काय सांगत होतो? दादा आणि मी एकच अंक वाचत होतो, ते सांगत होतो. मूळचा वेताळ तर वर्तमानपत्रातल्या पट्टीतून आला, 1936 पासून. ती पट्टी घरातला बापही वाचायचा आणि पोरगंही. मला तसं काही हवं आहे, हे खरं. पण ते तू काढायला हवंस असा हट्ट मी धरणार नाही.

माझं मागणं लहान आहे. मोठ्यांसाठी काढायचं तर उघडपणे मोठ्यांसाठी काढ. 1992 साली बॅटमॅनचा दुसरा मोठा सिनेमा आला, तेव्हा मॅकडोनाल्डच्या मुलांच्या खाऊबरोबर त्याची खेळणी वाटली जात होती. सिनेमा इतका काळोखा होता की आईबाप चिडले, आणि पुढच्या सिनेमाला दिग्दर्शकही दुसरा आला आणि रंगही उजळ झाला. त्या आईबापांच्या बाजूने मी उभा राहीन. सिनेमा काळोखा आहे म्हणून नव्हे. हाक मुलाला मारायची, तोच चेहरा त्याच्या हातात द्यायचा आणि दार उघडल्यावर आत भलतंच काही ठेवायचं, याचा मला राग येतो. आपल्याकडेही दप्तरावर, डब्यावर, वाढदिवसाच्या केकवर तेच चेहरे असतात आणि त्यातल्याच एखाद्याच्या सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र लागतं. आता 2024 पासून यूएमध्येही 7, 13 आणि 16 असे टप्पे आले आहेत, चांगलं झालं. पण पोस्टरवरचा आकडा वाचून कुठलं मूल सिनेमाला जातं?

तुझ्या त्या लाडक्या 'वॉचमेन' कॉमिकचंच बघ. ते लिहिणाऱ्या ॲलन मूरना आधी चार्लटन कंपनीची तयार पात्रं वापरायची होती. सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीने ती पात्रं विकत घेतली होती आणि ती पुढेही चालवायची होती, म्हणून त्यांना सांगितलं, की नवी उभी करा. त्यांनी केली. 1986 मध्ये तो पहिला अंक उघडणाऱ्या कुठल्याही मुलाचा आधीचा लाडका माणूस त्यात मोडला नाही. तू पण नवाच माणूस उभा केला आहेस, हे तुझ्या बाजूचं मोठं बळ आहे. फक्त तो निळा केप दुरून फार ओळखीचा वाटतो. रंग बदलता येईल का? निदान मुखपृष्ठावर ठळक लिही, हे कोणासाठी आहे. आत कुठेतरी बारीक अक्षरात नको.

पुन्हा मास्तरकी झाली. तू विचारलं नव्हतंस आणि मी रंगांपर्यंत पोचलो. रागावू नकोस.

आईने बजावलेलं मी पाळणार होतो. पण पहाटे तीनला तुझ्या नावासमोर हिरवा ठिपका दिसतो, त्याला मी काय करू? पुण्याच्या त्या वर्षीही तो असाच दिसायचा, आणि आम्ही समजत होतो की काम जास्त असेल. समीरचं नाव मी काढत नाही. एवढंच विचारतो, की त्या गच्चीवर बसलेल्या माणसाला तू बाहेरून पाहून काढते आहेस ना? बाहेरून काढत असशील तर त्याला हवं तितकं बसव, सबंध पुस्तकभर बसव, मी एक शब्द बोलणार नाही. आतून असेल तर काम तसंच टाकून इकडे निघून ये. प्रकाशकाची मुदत गेली तर गेली. मी पैशांचं बघतो.

राहिलेली पानं छापून कुरिअरने पाठव, मला स्क्रीनवर वाचता येत नाही. वाचनालयाच्या पत्त्यावर पाठव, म्हणजे घरात ओमच्या हाती लागणार नाहीत. आणि त्याच्यासाठी वेगळा कागद घाल त्यात. तो विचारत होता, की मावशीचा माणूस उडू शकतो का. मी म्हटलं, मावशीलाच विचारू. काय ते तूच लिही, खरं तेच लिही. शुक्रवारी बालविभाग बंद असतो, त्या दिवशी दुपारी फोन केलास तर मी घरीच आहे.

तुझा,
बाबा