दिवे लावणाऱ्या वायरमन काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

हॅकेथॉनच्या, म्हणजे टीम करून प्रोग्रॅम बनवायच्या स्पर्धेच्या, आभारप्रदर्शनात तुमचं नाव घेतलं, टाळ्याही पडल्या. पण तुम्ही नेमकं काय केलंत हे हॉलमधल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर. पुढच्या वर्षी ज्यांच्या गळ्यात आयोजन पडणार आहे, त्यांनी तर वाचावंच.

आमचा बेत स्टेजचा होता. रात्रभर कोड लिहायचा आणि रविवारी दुपारी एकेका टीमने प्रोजेक्टरवर डेमो दाखवायचा. ४० टीम, प्रत्येकी ४ मिनिटं, म्हणजे नुसत्या बोलण्याचेच २ तास ४० मिनिटं. दर वेळी लॅपटॉप बदलताना तो प्रोजेक्टरला जोडायचा एचडीएमआयचा कन्व्हर्टर कोणाकडे आहे म्हणून होणारी ओरड वेगळीच. तुम्ही पंख्याचा रेग्युलेटर बघायला आला होतात. शिडीवरूनच म्हणालात, "एकाचं चालू असताना बाकीचे एकोणचाळीस काय करणार? झोपणार."

गणपतीत तुम्ही परळच्या एका मंडळाची लायटिंग करता, त्यामुळे गर्दी कशी हलते हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. लालबागला नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. तसंच करा, म्हणालात. टेबलं मांडा, परीक्षक आतल्या बाजूने फिरतील, पाहुणे बाहेरून. मग आम्ही हिशेब केला. प्रत्येक प्रोजेक्ट तीन परीक्षकांनी पाहायचा, तर भेटी होतात १२०. परीक्षक १० असले तर एकेकाच्या वाट्याला १२ टेबलं. एका टेबलाला ५ मिनिटं धरली तरी तासाभरात काम आटोपतं. शिवाय टीमला तीनदा बोलायला मिळतं. पहिल्या खेपेला फजिती झाली तर दुसऱ्या खेपेला सावरता येतं. स्टेजवर ती सोय नाही.

पण टेबलं म्हटली की लोड आला. "टेबलागणिक काय काय लावणार ते लिहून द्या, तोंडी नको," हे तुमचं वाक्य आता आमच्या ग्रुपवर म्हण झालंय. टेबलाला चार लॅपटॉप, चार्जर ६५ वॉटचा, म्हणजे सगळे मिळून १०,४०० वॉट. २३० व्होल्टने भागलं तर ४५ अँपियर. आणि आम्ही हे सगळं भिंतीतल्या दोन-चार प्लगांवर, बोर्डाला बोर्ड जोडून भागवणार होतो! तुम्ही मेन पॅनेलवरून पाच वेगळ्या लाइन काढल्यात, आठ टेबलांना एक, प्रत्येकीला स्वतःची १० अँपियरची एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. आम्ही लॅमिंग्टन रोडला निघालो होतो, तर "वायर घ्यायची तर लोहार चाळ" म्हणून आम्हाला वळवलंत. तिथे बोर्ड घेण्याआधी तुम्ही एकेक पिन घालून हलवून बघत होतात. सैल बसली की बोर्ड बाजूला. दुकानदार वैतागला होता, पण शेवटी त्यानेच आतून चांगला माल काढला.

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. ठाण्याकडचे परीक्षक कुठे अडकलेत ते बघत आम्ही फोन लावत बसलो होतो, आणि तुम्ही ठाण्यापलीकडच्या दिव्याहून येऊन केव्हाच हॉलमध्ये वाकून बसलेले. प्रत्येक पिनेवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर मार्करने टेबलाचा नंबर. वायर जिथे वाट ओलांडते तिथे रबरी मॅट. तेव्हा मला ते जरा अतीच वाटलं होतं, खरं सांगते.

मग परीक्षण ऐन रंगात असताना तिसऱ्या लाइनची वीज गेली. फक्त आठ टेबलं. बाकी हॉलला पत्ताही लागला नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालतच राहिले, बंद पडला तो एक टेबल फॅन आणि एका टीमचा मॉनिटर. तुम्ही एमसीबी लगेच वर केली नाहीत. आधी टेबलांखाली वाकून चिकटपट्ट्या वाचत गेलात आणि एकच बिननंबरची पिन सापडली. तिच्या दुसऱ्या टोकाला १५०० वॉटची किटली! कोणीतरी नूडल्ससाठी पाणी उकळत होतं. तुम्ही ओरडला नाहीत, किटली उचलून खिडकीत ठेवलीत आणि म्हणालात, "चहा खालून मागवा." तुम्ही नसतात तर आम्ही त्या दिवशी काय दिवे लावले असते, देव जाणे.

वायफायचं जे व्हायचं तेच झालं, नेट अडलं. चाळीस टीमनी चाळीस हॉटस्पॉट उघडले आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. पण ते तुमचं खातं नव्हे. ज्यांनी डेमोचा व्हिडिओ आधीच काढून ठेवला होता, ते तरले.

पाच लाइनचा तुम्ही पुठ्ठ्यावर काढलेला नकाशा लॅबच्या कपाटात ठेवलाय आणि फोटो पुढच्या कमिटीला पाठवलाय. हॉलची तारीख ठरवण्याआधी तुम्हाला भेटायचं, असं त्यांना बजावलंय. आणि लोहार चाळीत वरचे पैसे तुम्ही खिशातून घातलेत, हे आम्हाला बिल जुळवताना कळलं. खजिनदाराकडे पाकीट तयार आहे. कृपा करून या खेपेला "राहू दे गं" म्हणू नका.

आपली,
आयोजन समितीतली, टेबलांची यादी लिहून देणारी मुलगी