यावेळी बाळंतपण नाही, नुसतं गाणं

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर विषय काढला की आई "बघू गं" म्हणते आणि लगेच आज भाजी काय केलीस यावर येते, म्हणून सगळं लिहूनच काढतेय. बाबा, तिला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

तर या उन्हाळ्यात तुम्ही दोघांनी लंडनला यायचंय आणि काहीही काम करायचं नाहीये. आधी दोनदा आलात ती माझी बाळंतपणं, डिंकाचे लाडू, मालिश, रात्रीची जागरणं, आणि एवढे महिने राहून बघितलंत काय तर हाउन्स्लोचा बाजार, डॉक्टरचा दवाखाना आणि एकदा भर पावसात टॉवर ब्रिज, तोही गाडीतून. मला ते अजून लागून राहिलंय. यावेळी प्रॉम्सला यायचं.

प्रॉम्स म्हणजे इथल्या पाश्चात्य शास्त्रीय संगीताचा महोत्सव, आपलं सवाई गंधर्वच समजा, फक्त पाच दिवसांऐवजी आठ आठवडे, जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जवळपास रोज संध्याकाळी. 1895 ला रॉबर्ट न्यूमन नावाच्या माणसाने हेन्री वुड या तरुण कंडक्टरला हाताशी धरून सुरू केलं, एक शिलिंग द्या, उभं राहून ऐका, खा, प्या, विडी ओढा, पण साध्या माणसाच्या कानावर चांगलं संगीत पडू दे. तो मूळचा क्वीन्स हॉल 1941 च्या बॉम्बिंगमध्ये जळाला, तेव्हापासून मुक्काम रॉयल अल्बर्ट हॉलला. आई, तोच अल्बर्ट हॉल!! 1974 ला लताबाई गायल्या तो, मामाकडे एलपी होती बघ आणि तू ती कोणाला हात लावू द्यायची नाहीस.

गेल्या वर्षी मी एकदा एकटीच गेले होते, सांगितलं नव्हतं. उभं राहायचं तिकीट तेव्हा 8 पौंडांना होतं, ते त्याच दिवशी सकाळी ऑनलाइन सुटायचं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून काढलं. अगदी वर छताजवळ गॅलरी आहे, खुर्च्या नाहीत, आणि तिथे एक आजोबा बूट काढून, पिशवी उशाला घेऊन चक्क जमिनीवर आडवे झालेले, डोळे मिटून ऐकतायत, आणि कोणालाच त्यात काही वाटत नव्हतं. मला एकदम सवाईची रमणबागेतली सतरंजी आठवली, मी तुमच्या मांडीवर झोपलेली, बाबा, आणि पहाटे तुम्ही गालावर गार हात लावून उठवायचात, "ऊठ, भीमसेनअण्णा गायला बसले." तेव्हा राग यायचा. त्या गॅलरीत मात्र मी व्हायोलिनं ऐकता ऐकता रडत होते, बाजूच्या बाईने टिश्यू दिला, तिला वाटलं असेल म्युझिकमुळे.

आता आई म्हणणार, आपल्याला त्यातलं काय कळणार. अगं सवाईला शेजारी बसून भजी खाणाऱ्या सगळ्यांना राग कळतात का? तीनच कार्यक्रम निवडू, त्यातला एक ऑर्गनचा हवाच, तिथल्या ऑर्गनला 9,999 नळ्या आहेत, आपल्या पेटीचा खापरपणजोबा समज. काळजी आहे ती बाबांची, कारण तिथे मध्येच "क्या बात है" चालत नाही, टाळ्यासुद्धा पूर्ण रचना संपल्यावरच, रचनेच्या दोन भागांमध्ये क्षणभर थांबतात तेव्हा लोक फक्त खोकतात, एकदम हजारो माणसं, ऐकण्यासारखं असतं तेही. पण स्टेजवर पियानोचं झाकण उघडताना खाली उभे असलेले ओरडतात "हीव्ह" आणि वरची गॅलरी उत्तर देते "हो", तेवढी हौस बाबांनी तिथे भागवून घ्यावी.

तुम्हाला उभं करणार नाहीये, खुर्चीचीच तिकिटं काढणार. कार्यक्रम एप्रिलमध्ये जाहीर होतात, तिकिटं मेच्या मध्यात. हॉलजवळच्या ट्यूब स्टेशनच्या पायऱ्या नकोत म्हणून हॅमरस्मिथपर्यंत ट्रेन आणि पुढे 9 नंबरची बस, हॉलच्या जवळच थांबते, मी मुद्दाम जाऊन बघून आले. विमान डायरेक्ट घेऊ, व्हीलचेअर दोघांनाही सांगणार, बाबा, लाज कसली त्यात, उलट इमिग्रेशनची रांग वाचते. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी भरता येतो, त्याहून लवकर नाही, म्हणून आत्ता घाई नाही, पण इन्शुरन्सच्या फॉर्मवर बीपी आणि शुगर दोन्ही खरं लिहायचं, "थोडीशी आहे" वगैरे नाही. डॉक्टरांकडून गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून घ्या. गणपतीच्या आधी घरी सोडते, शब्द.

खर्चाबद्दल बाबांनी हिशोबाची वही काढू नये. माझ्या गाण्याच्या क्लासची फी कशी भरायचात ते मला माहितीये, आणि मी तो क्लास दहावीला सोडला तेही.

आई, मसाले, पीठं, कुरड्या काही आणायचं नाही. बरं, मेतकूट आण, थोडंसंच.

आणि पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो व्हॉट्सअपवर टाका, मागच्यासारखा अर्धा अंगठा आलेला नको.

तुमची,
चिमी