नुसती रास नको, नक्षत्रही छापा

मा. संपादक साहेब,

तुमच्या पेपरातलं राशिभविष्य वाचून वाचूनच मला ज्योतिषाचा नाद लागला. रावेरकडचा मी, घरी केळीचा बाग. आजोबांच्या ट्रंकेत जुनी पंचांगं सापडली, कडेला कपाशीचे हिशोब लिहिलेले, तिथून मामांकडे शिकायला बसलो. पहिली पत्रिका बहिणीची, सगळं गणित हातानं, पण घड्याळातली वेळ तशीच धरली, जळगावची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या साधारण २८ मिनिटं मागे असते हे डोक्यातच नाही, त्यात लग्नच, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रासच, पुढची निघाली. मामा म्हणे, काय भो, शेजारणीची पत्रिका केली का? आता मोबाईल सेकंदात करतो, पण वेळ चुकीची टाकली तर तोही चुकतोच ना.

आता लोकं पत्रिका घेऊन येतात, मी पैसे घेत नाही, आणि आजारपणाचं विचारलं की आधी डॉक्टरकडे पाठवतो.

विनंती एवढीच, राशीसोबत रोजचं चंद्रनक्षत्र, म्हणजे चंद्र ज्या नक्षत्रात आहे ते, छापा, विंशोत्तरी दशा, म्हणजे आयुष्यात कोणत्या ग्रहाचा काळ कधी ते, जन्मवेळच्या चंद्रनक्षत्रावरूनच निघते. आणि चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे, त्यावर एखादा रविवार द्या की.

आपला,
एक वाचक, ता. रावेर