‘निरंक’ खोडणाऱ्या वकीलबाईंना

प्रिय वकीलबाई,

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर तुमच्याशी धड बोलताच आलं नाही. रडू थांबेना. तुम्ही म्हणालात, “जा आता, आप्पांची एसटी चुकेल.” एसटी मिळाली, बोलायचं राहिलं. म्हणून हे पत्र. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही रागवाल हे मला ठाऊक आहे.

2019च्या डिसेंबरातली पहाट, मिरज-पंढरपूर रस्ता, आईच्या हातात दुधाची किटली आणि मागून आलेला डंपर. त्यापुढचं मला लिहायचं नाही. पंचनाम्यात किटलीची नोंद आहे: ‘ॲल्युमिनियमची, चेपलेली’. ती ओळ मला पाठ आहे.

पोस्टमॉर्टेमच्या खोलीबाहेर आप्पा भिंतीला टेकून बसले होते. एक गृहस्थ आले, त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसऱ्या हातानं वकीलपत्र. तेव्हा वाटलं, देवमाणूस भेटला. आप्पांनी कोऱ्या कागदांवरही सह्या केल्या. मग दोन वर्षं आम्ही फोन करत होतो आणि ते ‘तारीख पडलीय’ म्हणत होते. शेवटी भाऊ चाकणहून रजा काढून आला आणि कळलं, तारीख पडायला नुकसानभरपाईचा दावा तरी दाखल व्हायला हवा ना! फाईलमध्ये तीन पानं. तिसऱ्या पानावर टाईप केलेलं होतं, ‘मयताचे मासिक उत्पन्न: निरंक’. वर आम्हालाच ऐकवलं, “बाईमाणसाच्या केसमध्ये फार काही निघत नसतं.” (1 एप्रिल 2022पासून कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे. आमचा अपघात त्याआधीचा, म्हणून वाचलो. असल्या माणसाच्या हाती आज कोणी सापडलं तर काय होईल, याचा विचारही नको वाटतो.)

तीच तीन पानं घेऊन मी तुमच्याकडे आले. तुमच्या टेबलावर अर्धा खाल्लेला डबा होता. तुम्ही पानं वाचलीत, तिसऱ्यावर थांबलात, पेन काढलंत आणि ‘निरंक’वर आडवी रेघ मारलीत. मग विचारलंत, “आई पहाटे किती वाजता उठायच्या?”

वकीलबाई, दोन वर्षांत मी पोलीस ठाण्यात गेले, दवाखान्यात गेले, विमा कंपनीत गेले. सगळीकडे ती ‘मयत’ होती. मयत ही, मयतचे वारस, मयतचा दाखला. लोक वाईट नव्हते, फॉर्मवर तसंच छापलेलं असतं. पण ‘आई’ कोणी म्हटलं नव्हतं, आणि ‘उठायच्या’ तर मुळीच नाही. जिवंतपणी तिला अहोजाहो करणारं तरी कोण होतं? आमच्या घरातही ती ‘अगं’ होती. तुम्ही एका न पाहिलेल्या बाईला मान दिलात आणि माझा बांध फुटला.

मी सांगत गेले. चारला उठायची. शेण, धारा, दूध घेऊन संकलन केंद्र, येऊन भाकऱ्या, मग वैरण. आजीनं अंथरूण धरल्यापासूनचं सगळं तिच्याच हातचं. आईनंतर थोरली म्हैस पंधरा दिवस कोणाच्या हाताला पान्हा सोडेना, हेही बोलून गेले. तुम्ही तेही लिहून घेतलंत. मी म्हटलं, “हे कोर्टात चालेल?” तुम्ही म्हणालात, “कोर्टासाठी नाही, माझ्यासाठी.”

उलटतपास मी विसरणार नाही. म्हशी वडिलांच्या नावावर आहेत, हे खरं आहे का? खरं आहे. डेअरीचं खातं वडिलांच्या नावावर आहे, हे खरं आहे का? खरं आहे. म्हणजे तुमची आई काही कमवत नव्हती? कागदावर तिचं सही करण्यापुरतंही नाव नव्हतं, मी काय सांगणार! तेव्हा तुम्ही डेअरीच्या सचिवांना उभं केलंत. त्यांनी इतकंच सांगितलं, “खातं आप्पांचं, पण आप्पांना फॅट किती लागते ते आजही माहीत नसेल. बावीस वर्षं दूध काकींनीच घातलं.” साक्षीच्या दिवशी त्यांचं संकलन बुडालं, चहाचे पैसेसुद्धा त्यांनी घेतले नाहीत. त्यांचेही आभार इथंच मानते.

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मला सांगितलं होतं की 2001च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत ‘काम न करणाऱ्या’ म्हणून बसवलं होतं, आणि 2010 साली सर्वोच्च न्यायालयाला त्यावर बोलावं लागलं. त्याच न्यायालयानं 2001 साली लता वाधवा खटल्यात घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचे महिना 3,000 रुपये धरले होते. म्हणजे आई डेअरीला दूध घालत होती तेव्हाच वाट पडलेली होती. आमच्या आधीच्या वकिलांना ती दिसली नाही, की चालायची नव्हती, कोण जाणे.

निकालात आईच्या 48 वर्षांना 13चा गुणक लागला, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे 13नं गुणून भरपाई काढली. माणसाचं आयुष्य असं तेरानं गुणलेलं बघवत नाही, पण शून्याला कितीनंही गुणलं असतं तरी शून्यच आलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. रक्कम लिहीत नाही. ‘आईच्या जिवावर स्लॅब टाकणार’ असं म्हणणारे गावात आधीच आहेत. त्यातले दोघे अपघाताच्या वेळी रस्त्यावर होते, आणि साक्षीला या म्हटल्यावर दोघांनाही दिसायचं कमी झालं होतं.

चांगली माणसं ओळखायची कशी, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. पाणी तर त्या पहिल्या गृहस्थांनीही दिलं होतं. तुम्ही पाणी विचारायलाच विसरलात, अर्धा डबा तसाच बाजूला सारलात आणि दीड तास ऐकत बसलात.

निकालाची प्रत आप्पा रोज वाचतात. ‘घरकाम व दुग्धव्यवसाय’ या ओळीवर बोट ठेवून बसतात. परवा मला न सांगता डेअरीत गेले आणि खातं वहिनीच्या नावावर करून आले. या वेळचं दहा दिवसांचं बिल तिनं स्वतः सही करून घेतलं.

थोरली म्हैस पुढच्या महिन्यात विणार आहे. भावाच्या हातून चीक पाठवते. फी घेताना फार आढेवेढे घेतलेत, आता चिकाला तरी नाही म्हणू नका.

तुमची,
आईची थोरली