डोंबिवलीच्या काकूंना, आंबोलीच्या सड्यावरून

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

नाव कुठेही यायला नको, ही तुमची एकच अट होती. ती पाळते आहे. आभार मानायचे नाहीत असं मात्र तुम्ही म्हणाला नव्हतात, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते.

काकांच्या आठवणीसाठी तुम्ही दरवर्षी पेन्शनमधून थोडी रक्कम बाजूला काढता आणि ज्यांच्याकडे कुणी फिरकत नाही अशा जिवांसाठी देता, हे सावंतवाडीतल्या एका सरांकडून कळलं. फोन केला तर तुमचा पहिलाच प्रश्न, "वाघाचं काम आहे का?" मी म्हटलं, "नाही, बेडकाचं." तुम्ही म्हणालात, "मग सांगा."

त्याआधी दोन दारं वाजवून झाली होती. एका ठिकाणी अर्ज उघडलासुद्धा नाही. दुसरीकडे विचारलं, बेडूक वाचवून माणसांना काय मिळणार? अशा दुर्लक्षित प्रजातींसाठी मदत देणारे मोठे निधी जगात आहेत. अबुधाबीचा मोहम्मद बिन झायेद निधी एका प्रकल्पाला २५ हजार डॉलरपर्यंत देतो. ब्रिटनच्या रफर्ड फाउंडेशनच्या मदतीवर सह्याद्रीत कितीतरी तरुण अभ्यासकांनी काम केलं आहे. पण आम्ही गावातली सहा माणसं, ना संस्था ना लेटरहेड. तिथवर आमचा हात पोचला नसता.

तुम्ही तासभर ऐकलंत. आमचा बेडूक, आंबोली टोड, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा जीव, कुशीवर पिवळे पट्टे. त्या पट्ट्यांमुळेच २००९ साली डॉ. एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी नवी प्रजाती म्हणून नोंद करताना त्याला नाव दिलं झँथोफ्रायनी टायगेरिना, म्हणजे वाघासारखा. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत वाघ 'संकटग्रस्त' आहे आणि हा 'अतिसंकटग्रस्त'. हे ऐकून तुम्ही फोनवर थोडा वेळ गप्प होतात.

मग विचारलंत, "किती लागतील?" मी घाबरत ३५ हजार म्हटलं. आठवड्यात आले. वर तुमचं वाक्य, "पेट्रोलचं बिल मिळालं नाही तर वहीत लिहा, मला चालेल." माणसावर असा विश्वास टाकला की पैशापैशाचा हिशोब आपोआप चोख राहतो. आमची ती वही अजून आहे. सहा रेनकोट, सहा डोक्याला बांधायचे टॉर्च, मोजपट्ट्या, खुणेच्या काठ्या, पेट्रोल, चहा. चहासुद्धा लिहिलाय.

त्या पहिल्या वर्षीच्या जूनबद्दल तुम्हाला फोनवर तुटक सांगितलं होतं, आज नीट सांगते. पावसाची पहिली सर आली की सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळातल्या, खळग्यांत पाणी साठतं. खळगा केवढा, तर जेवणाच्या ताटाएवढा, खोली बोटभर. त्यातच नर ओरडायला लागतात, माद्या येतात, अंडी पडतात. विहीर नाही, तळं नाही, ओढा नाही. यांचा सगळा संसार त्या बोटभर पाण्यात. आम्ही हात लावत नव्हतो, फक्त खळगे मोजायचे, पाण्याची खोली पट्टीने घ्यायची आणि रात्री रस्त्यावर चिरडलेले किती ते लिहायचं. शनिवारी-रविवारी पर्यटकांच्या गाड्या डांबरावरून सरळ सड्यावर चढतात. एका खळग्यात सकाळी बघितलेली अंडी संध्याकाळी टायरच्या नक्षीखाली होती. आमच्यातला बारावीचा मुलगा तिथेच उकिडवा बसून राहिला, त्याला उठवावं लागलं.

आणि मग पावसाने दडी मारली. ऊन पडलं. पाणी बोटभराचं अर्धं बोट झालं, मग नुसती ओल. पिल्लं मधोमध गोळा झाली, काळ्या मोहरीसारखी, आणि दुसऱ्या दिवशी कातळाला चिकटून वाळली. बादलीने पाणी ओतावं का, यावर आमची भांडणं झाली. शेवटी ओतलं नाही, कारण ओतून काय बिघडेल हे कळण्याइतकं आमचं ज्ञान नव्हतं. तो निर्णय बरोबर होता का, हे मला अजून टोचतं.

तुम्हाला अहवाल पाठवताना माझे हात थरथरत होते. पैसे घेतले आणि लिहायला काय, तर मेलेल्यांचे आकडे. तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, "खळगे कुठे आहेत आणि गाड्या कुठून चढतात, हे आता तुम्हाला कळलं ना? मग पुढच्या वर्षीचं बोला." काकू, मला आभार मानायचे आहेत ते या वाक्याचे. पैसे देणारे कुणीतरी पुढेमागे भेटले असते. वाईट बातमी ऐकून पुन्हा हात पुढे करणारे भेटले नसते.

आमच्या आंबोलीतल्याच हिरण्यकेशीच्या देवळातल्या कुंडातल्या माशाचं नशीब चांगलं. २०२० साली त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. तिथे महादेवाचा पहारा आहे. आमच्या बेडकाला देऊळ नाही, म्हणून आम्ही चिरे आणले. तुमच्या दुसऱ्या हप्त्यातून जांभ्याचे साठ चिरे, ग्रामपंचायतीला विचारून, जिथून गाड्या चढतात नेमक्या त्या कडेला ओळीने लावले. ट्रकवाल्याने भाडं घेतलं नाही. गेल्या जूनमध्ये त्या ओळीच्या आत आम्हाला टायरची एकही खूण दिसली नाही, आणि पाऊसही सलग लागला. एका रात्री त्याच बारावीच्या मुलाने मला हाताला धरून नेलं. शेपूट जिरून गेलेली, नखाएवढी पिल्लं खळग्याच्या काठावर बसली होती.

वहीत ११४० रुपये शिल्लक आहेत. टॉर्चचे सेल घ्यायचे म्हणतो आहोत, तुमची हरकत नसेल तर. आणि गुडघ्यांचं कारण सांगू नका. सडा सपाट आहे, रस्त्याला लागूनच आहे. पहिली सर आली की फोन करते, तुम्ही फक्त रबरी चप्पल आणा. खुर्ची आम्ही घेऊन येतो.

तुमची,
आंबोलीची बेडूकवाली